पहिल्यांदाच टेक कॉन्फरन्सला जाताय? निघण्याआधी, तिथे आणि परतल्यावर काय करायचं

कोल्हापुरात आमचं चार जणांचं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. पहाटे उत्पादक कॅन घेऊन येतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंदवलं जातं, पावती निघते, दहा दिवसांनी बिल. एवढ्या भांडवलावर मी बंगळुरूच्या एका वेब आणि मोबाइल तंत्रज्ञानाच्या कॉन्फरन्सला पहिल्यांदा गेलो, तेव्हा दोन दिवसांत २१४ फोटो काढले. सगळे स्लाइडचे. त्यातला एकही आजवर उघडलेला नाही. तीन टी-शर्ट आणले, एक स्टीलची बाटली आणली, आणि सोमवारी ऑफिसात "काय शिकलास?" असं विचारल्यावर "भारी होतं एकदम" यापुढे तोंडातून शब्द फुटेना.

दुसऱ्या वेळी गेलो ते थोडं शहाणं होऊन. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेवरून लिहिलं आहे. तुम्ही डेव्हलपर असा, डिझायनर असा की शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, पहिल्यांदा जाणार असाल तर माझे २१४ फोटो तुमच्या नशिबी येऊ नयेत, एवढाच हेतू.

१. तिकिटाआधी एक प्रश्न लिहा

एकच प्रश्न, आणि तोही आपल्या रोजच्या कामातला. "एआय समजून घ्यायचं" हा प्रश्न होत नाही, ती इच्छा झाली. माझा प्रश्न असा होता: पहाटे साडेपाचला गावात नेट नसताना केलेली नोंद फोनवर कशी टिकवायची आणि नेट आल्यावर ती सर्व्हरवर एकदाच कशी पोचवायची?

असा प्रश्न हातात असला की वेळापत्रक वाचणं सोपं होतं. ३० सेशनमधली २४ आपोआप गळतात.

कॉन्फरन्स निवडतानाही तोच प्रश्न कामाला येतो. गूगलच्या डेव्हलपर ग्रुपचे डेवफेस्ट दरवर्षी साधारण पावसाळा सरता सरता सुरू होतात आणि वर्षअखेरपर्यंत गावोगाव चालतात, पुण्यातही होतो. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. गर्दी विद्यार्थ्यांची असते आणि "हे म्हणजे काय?" असं विचारायची लाज वाटत नाही. रिॲक्टवर (वेबपानं बांधायची एक लायब्ररी) काम करत असाल तर २०१९ साली गोव्यात सुरू झालेली रिॲक्ट इंडिया आहे. मुक्त सॉफ्टवेअरची आवड असेल तर बंगळुरूची इंडियाफॉस. निव्वळ अँड्रॉइडवाल्यांसाठी ड्रॉइडकॉन. नाव मोठं म्हणून जाऊ नका. मागच्या वर्षीच्या भाषणांचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात, त्यातले दोन बघा. डोक्यावरून गेले तर एक वर्ष थांबलेलं बरं.

२. तिकीट आणि कागदपत्रं

यात शिकण्यासारखं फार नाही, पण पैसे मात्र इथेच जातात.

कंपनी पैसे देणार असेल तर तिकीट काढतानाच कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक भरा. नंतर "बिल बदलून द्या" म्हणून मेल पाठवत बसलात तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि आलं तरी तोवर अकाउंटंटचा महिना संपलेला असतो. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. पैसे परत मिळणार नसले तरी तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, ते आधीच वाचून ठेवा. वर्कशॉपचं तिकीट बऱ्याचदा वेगळं असतं. मी पहिल्या खेपेला हे न वाचता गेलो आणि वर्कशॉपच्या दारातून परत फिरलो.

सोबत असू द्या:

- तिकिटाचा क्यूआर, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून (दारात नेटवर्कची खात्री नसते)
- फोटो असलेलं मूळ ओळखपत्र. विद्यार्थी सवलत घेतली असेल तर कॉलेजचं आयकार्ड
- जीएसटी बिलाची पीडीएफ, आणि प्रवास-मुक्कामाची बिलं त्याच फोल्डरमध्ये
- लॅपटॉप, चार्जर आणि एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्ड काढलात की शेजारचे चार जण ओळखीचे होतात
- तुमचे ग्राहक वापरतात तसा एक स्वस्त अँड्रॉइड फोन, यूएसबी केबलसकट
- कागदाची वही

शेवटच्या दोन गोष्टींचं कारण पुढे येईलच. शिवाय एसीत बसायला एक जाड शर्ट घ्या. सभागृहात हुडहुडी भरते.

कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी मिरजेहून राणी चेन्नम्मा पकडावी, पहाटे बंगळुरू येतं. मात्र त्याच सकाळी दहाचं वर्कशॉप घेऊ नका. मी घेतलं होतं. व्हिडिओ असता तर माझं घोरणं त्यात आलं असतं.

३. वेळापत्रकावर लाल पेन चालवा

दिवसाला चार सेशन पुरेत. पाचव्यानंतर डोक्यात काही शिरत नाही. निवडताना एक बघा: ज्याचं रेकॉर्डिंग होणार आहे ते घरी बसून दीडपट वेगाने बघता येतं. उद्घाटनाचं भाषण त्यातलंच. वर्कशॉप, प्रश्नोत्तरं, छोट्या खोलीतली गटचर्चा यांचं रेकॉर्डिंग बहुधा होत नाही. तिकिटाचे पैसे खरे तिथे वसूल होतात.

वर्कशॉपला जाणार असाल तर लागणारी सगळी साधनं घरूनच लॅपटॉपवर चढवून न्या. अँड्रॉइड स्टुडिओ, एमुलेटरची इमेज, नोडची पॅकेजेस मिळून काही जीबी होतात. दीडशे माणसं एकाच वायफायवर तेच उतरवायला बसली की पहिला तास गोल फिरणारं चक्र बघण्यात जातो.

प्रायोजकांची सेशन ओळखायला शिका. शीर्षकात एखाद्या उत्पादनाचं नाव आणि वक्ता त्याच कंपनीचा असेल, तर ती बहुधा पाऊण तासाची जाहिरात असते. अपवाद असतात. मला एक सापडला होता.

४. सभागृहात फोन खिशात, वही बाहेर

स्लाइडचा फोटो काढला की मेंदू समजतो, काम झालं. हातानं लिहायचं म्हटलं की सगळं लिहिता येत नाही, म्हणून निवडावं लागतं. मी प्रत्येक सेशनला एकच पान देतो आणि त्यावर आधीच चार ओळी लिहून ठेवतो:

- हे आज कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या अँड्रॉइडवर चालतं?
- आयफोनवर काय होतं?
- नेट नसेल, फोन जुना असेल तर काय दिसतं?
- देवनागरीत चालतं का?

पहिल्या ओळीचं उत्तर शोधायची सोपी वाट म्हणजे 'बेसलाइन'. एखादी सोय क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत आली की तिला 'नव्याने उपलब्ध' म्हणतात, आणि त्यानंतर ३० महिने उलटले की 'सर्वत्र उपलब्ध'. एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या संदर्भ-साइटच्या पानांवर वरच्या बाजूला ही खूण असते. वक्ता "हे आता वेबवर आलंय" म्हणाला की मी तिथेच बसून खूण बघतो. बऱ्याचदा 'वेब' म्हणजे त्याच्या लॅपटॉपवरचं क्रोम असतं.

चौथी ओळ वाचून हसू नका. तिची कथा अशी: आमच्या पावतीवर जागा कमी म्हणून उत्पादकाचं नाव आठ अक्षरांवर कापलं जायचं. ज्ञानेश्वर हे नाव तुमच्या-माझ्या डोळ्यांना चार अक्षरांचं आहे. जावास्क्रिप्टला विचाराल तर ती १० म्हणते, कारण हलन्त, काना, मात्रा तिच्या लेखी सुटे मोजले जातात. त्यामुळे पावतीवर छापून यायचं 'ज्ञानेश्'. वर्षभर आम्ही प्रिंटरला शिव्या घालत होतो. एका सेशननंतर मी बिचकत वक्तीला हे विचारलं, तेव्हा तिने जावास्क्रिप्टमधलंच इंटल डॉट सेगमेंटर दाखवलं. मजकूर कोणत्याही कोडपॉइंटवर (संगणक सुटा मोजतो त्या चिन्हावर) न तोडता वाचणाऱ्याच्या अक्षरांच्या सीमेवर तोडणारी ही सोय फायरफॉक्समध्ये २०२४ च्या एप्रिलमध्ये आली आणि सगळ्या मुख्य ब्राउझरांचा घेर पूर्ण झाला. जुन्या ब्राउझरवर जोडाक्षर तरीही फुटू शकतं, तेव्हा तपासून घ्या. जाता जाता तिने हेही सांगितलं की मराठी शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर वाढवणं) लावू नका, शिरोरेघ तुटते. आमच्या वेबसाइटवर ती दोन वर्षं तुटलेलीच होती, आणि कुणाला काही वाटलंही नव्हतं.

पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात प्रवासखर्च निघाला.

५. चहाच्या रांगेत उभे राहा

नवखे लोक मधल्या सुट्टीत कोपऱ्यात जाऊन मेल बघतात. मीही बघायचो. इंग्रजीची भीती हे त्यामागचं खरं कारण, ते कबूल करायला हरकत नाही. पण रांगेतलं अर्धं बंगळुरू मोडक्या हिंदीतच बोलत असतं, आणि "तुम्ही काय करता?" याला "दूध मोजायचं ॲप" असं उत्तर दिलं की माणसं वळून बघतात. शंभर 'क्लाउड सोल्यूशन'वाल्यांत आपलं काम त्यांच्या लक्षात राहतं.

रांगेत मला कोइमतूरचा एक माणूस भेटला. तो बसमधल्या तिकीट यंत्रांचं सॉफ्टवेअर करायचा. मी माझा प्रश्न सांगितला. त्याने उलट विचारलं, "नोंद पाठवली, सर्व्हरला मिळाली, पण 'मिळाली' हे उत्तर येताना नेट गेलं तर तुझा फोन काय करतो?" मी म्हटलं, पुन्हा पाठवतो. "मग सर्व्हर ती दुसरी नोंद समजतो की तीच?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे नोंदीला क्रमांक सर्व्हर द्यायचा. त्याने कागदी कपावरच पेनाने लिहून दाखवलं: क्रमांक फोनवरच तयार करायचा, नोंद लिहिली त्या क्षणी. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने मुकाट "मिळाली" म्हणायचं आणि नवीन ओळ घालायची नाही. ब्राउझरमध्ये क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी त्यासाठी तयार आहे, फक्त साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवी. माझ्या प्रश्नाचा उत्तरार्ध तिथे सुटला. तो कप मी वहीत चपटा करून आणला आहे.

स्टॉलवर टी-शर्टसाठी मेल आणि फोन नंबर देताना विचार करा. पुढचे सहा महिने फोन येतात. त्यासाठी मी वेगळा मेल पत्ता ठेवला आहे.

६. त्याच रात्री चाळण लावा

मुक्कामी आल्यावर झोपायच्या आधी अर्धा तास काढा. वहीतली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका ठिकाणी टाका: आता करायची, सहा महिन्यांनी बघायची, किंवा ऐकून सोडून द्यायची. सकाळवर ढकललंत तर सगळंच 'आता' वाटायला लागतं. माझ्या चाळणीतून काय कुठे पडलं ते सांगतो. तुमचं वेगळं पडेल.

'आता'मध्ये पडली सगळ्यांत जुनी गोष्ट. प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, म्हणजे होम स्क्रीनवर टाकता येणारी आणि नेट नसतानाही चालू शकणारी वेबसाइट. हे नाव फ्रान्सिस बेरीमन आणि ॲलेक्स रसेल यांनी २०१५ मध्ये दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लिपकार्टने 'फ्लिपकार्ट लाइट' आणलं. ॲपच वापरा म्हणून त्यांनी मोबाइलवरची वेबसाइट बंद केली होती, ती या रूपात परत आली. म्हणजे यात नवलाईचं काही उरलेलं नाही. त्यावरच्या सेशनला अर्धं सभागृह रिकामं होतं. शेजारच्या खोलीत ब्राउझरमध्ये एआय चालवून दाखवत होते, तिथे माणसं दारात उभी. गर्दी जिकडे धावते तिकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही पहिल्या खेपेला तिकडेच होतो. पण रिकाम्या सभागृहातली बाई जे सांगत होती ते साडेसहा हजारांच्या फोनवरही चालतं.

तिने सांगितलेलं थोडक्यात असं. सर्व्हिस वर्कर म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये बसलेला दारवान. पानाने काहीही मागितलं की आधी तो बघतो, आणि बाहेरून आणायचं की साठ्यातून द्यायचं ते ठरवतो. पानाचा सांगाडा, चित्रं, फाँट कॅशमध्ये, म्हणजे या साठ्यात ठेवायचे. नोंदी इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये. इथपर्यंत सगळं ट्युटोरियलमध्ये मिळतं. सापळे पुढे आहेत:

- नेट आल्यावर आपोआप पाठवणारी बॅकग्राउंड सिंक ही सोय क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरांतच आहे. आयफोनवर ॲप उघडल्यावरच पाठवावं लागतं.
- सफारीत साइट सात दिवस वापरली नाही तर साठवलेला मजकूर पुसला जाऊ शकतो. होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपला हा नियम लागत नाही.
- आयफोनवर वेबची नोटिफिकेशन २०२३ च्या मार्चमध्ये, आयओएस १६.४ पासून आली, आणि तीही फक्त होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपला. "इन्स्टॉल करा" असं आपोआप कुणी विचारत नाही. शेअरचं बटण दाबून वापरणाऱ्यालाच ते करावं लागतं, तेव्हा त्याला चित्र काढून दाखवा.
- फोनची जागा भरली की ब्राउझर आपला साठा उडवू शकतो. स्टोरेज डॉट पर्सिस्ट वापरून 'हे टिकवून ठेव' अशी विनंती करता येते. विनंतीच ती, मान्य होईलच असं नाही.

'आता'मधली दुसरी गोष्ट म्हणजे वेग मोजणं. गूगलचे तीन आकडे पाठ करून ठेवा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पडद्यावर काहीतरी हलावं, आणि पानावरचा मजकूर अचानक उड्या मारण्याचं माप ०.१ च्या आत असावं. शंभर भेटींपैकी निदान ७५ भेटींत हे जमलं तर पास. मधला आकडा आयएनपी या मापाचा, तो १२ मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मापाच्या (ते फक्त पहिल्या स्पर्शाचा उशीर मोजायचं) जागी आला. जुन्या ब्लॉगवर एफआयडी दिसलं तर ते पान बंद करा. स्वस्त फोन सोबत न्या म्हटलं ते यासाठी. केबल लावून क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये तो उघडला आणि आमच्या नोंदणीच्या पानावर बोट ठेवलं तर बटण दबायला ८०० मिलिसेकंद लागत होते. माझ्या लॅपटॉपवर तेच पान ४० मध्ये चालायचं.

अँड्रॉइडच्या बाजूची एक गोष्ट 'आता'मध्ये घालणं भागच होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरवर अँड्रॉइड १५ किंवा पुढचं लक्ष्य ठेवणाऱ्या ॲपला १६ केबीच्या मेमरी पानांवर (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो ती 'पानं') चालता आलं पाहिजे. निव्वळ कोटलिन-जावात लिहिलं असेल तर फारसं काही करावं लागत नाही. पण आत कुठे सी-सी++ची लायब्ररी असेल तर ती नव्याने बांधलेली लागते. आमच्या थर्मल प्रिंटरच्या लायब्ररीत ती होती, आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं. नवख्यांसाठी आणखी एक: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक प्ले डेव्हलपर खातं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले राहावे लागतात. आधी हा आकडा २० होता. नातेवाइकांचे जीमेल आत्तापासून गोळा करा, शेवटच्या आठवड्यात मावशीला टेस्टर म्हणजे काय हे समजावणं अवघड जातं.

'सहा महिन्यांनी'मध्ये पडल्या पासकी. त्यांच्या मुळाशी असलेलं वेबऑथन हे मानक २०१९ चं, आणि मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघांनी एकत्र पाठिंबा जाहीर केल्यावर जोर आला. पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच आत शिरायचं. कल्पना मला मनापासून आवडली. पण आमच्या संस्थांत एकच फोन सचिव, मापाडी आणि सचिवांचा मुलगा असे तिघे वापरतात. त्या फोनची किल्ली नेमकी कुणाची म्हणायची?

वेब ब्लूटूथही तिथेच गेलं. पडद्यावरच्या प्रात्यक्षिकात ब्राउझरमधून प्रिंटर झटक्यात जोडला गेला, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नंतर विचारलं तर कळलं की ते फक्त लो एनर्जी ब्लूटूथशी बोलतं. बाजारातले बरेच स्वस्त पावती-प्रिंटर जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर चालतात. सफारी आणि फायरफॉक्समध्ये तर ही सोयच नाही.

आणि वेबजीपीयू (वेबपानाला ग्राफिक्स चिपची ताकद वापरू देणारी सोय), ब्राउझरमधलं एआय वगैरे ऐकून सोडलं. क्रोमच्या डेस्कटॉपवर मे २०२३ मध्ये आणि अँड्रॉइडवर जानेवारी २०२४ मध्ये आलेलं वेबजीपीयू खरंच देखणं आहे. पण अँड्रॉइडवर त्याला आवृत्ती १२ किंवा पुढची आणि ठरावीक चिपच लागत होती, शिवाय भाषेचं मॉडेल उतरवायलाच शेकडो एमबी. आमच्या सचिवांचा दिवसाचा नेटपॅक त्यातच संपेल.

७. परतल्यावर दहा दिवसांत एकच गोष्ट चालू करा

दहा का, तर आमच्याकडे सगळंच दहा दिवसांच्या बिलावर चालतं. तुम्ही पंधरा घ्या. एकच गोष्ट, आणि ती आधी एकाच ग्राहकाकडे.

यातही मी माती खाल्ली, तीही सांगतो. वर्कशॉपमधला सर्व्हिस वर्करचा कोड मी जसाच्या तसा उचलला. तो फोटो-गॅलरीसाठी लिहिलेला होता: साठ्यात असेल तर तिथूनच दे, नेटकडे बघूही नको. चित्रांना हे छान. आमच्या ॲपमध्ये फॅट-एसएनएफचं दरपत्रकही त्याच नियमात गेलं. ११ तारखेपासून दर बदलला. नवीन दरपत्रकासकट नवी आवृत्ती आम्ही आदल्या रात्री चढवून ठेवली होती. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सचिवांचा फोन. "अवो, दर बदललाय न्हवं? तुमचं ॲप जुनाच दर दावतंय. हितं माणसं भांडायला लागल्यात."

४१ पावत्या जुन्या दराने गेल्या होत्या. कारण असं, की नवा सर्व्हिस वर्कर उतरतो, पण जुन्याने चालवलेलं पान उघडं असेपर्यंत तो बाहेर वाट बघत थांबतो. आणि संस्थेच्या फोनवर ते ॲप कधी बंदच होत नाही, फक्त पडदा काळा होतो.

मग तीन बदल केले. सांगाडा आणि फाँट साठ्यातूनच, पण दरपत्रक आधी नेटवरून आणि नेट नसेल तरच साठ्यातून. दरपत्रकात 'लागू तारीख' घातली आणि तिची मुदत उलटली असेल तर पावती निघण्याआधी लाल इशारा. आणि नवी आवृत्ती वाट बघत असेल तर पडद्यावर 'नवीन आवृत्ती आली आहे, इथे दाबा' असं बटण, मात्र संकलनाच्या मधेच पान आपोआप बदलू द्यायचं नाही. वर्कशॉपचा कोड उचलताना तो कोणत्या कामासाठी लिहिला होता, हे आधी विचारा. उदाहरण देणाऱ्याच्या डोक्यात तुमचं दूध नसतं.

८. ऑफिसात एक पान द्या

पीपीटी करू नका. एका पानावर तीनच गोष्टी लिहा: आपण काय बदलतोय, त्याला किती दिवस लागतील, आणि काय मुद्दाम सोडून दिलं व का. सोडून दिलेल्याचा रकाना साहेब लोक सर्वांत नीट वाचतात. बिलं त्याच पानाला जोडा. भेटलेल्या माणसांपैकी दोघा-तिघांना त्याच आठवड्यात मेल टाका, नुसतं "भेटून आनंद झाला" असं नको, तुमच्या बोलण्यातला मुद्दा धरून. कोइमतूरवाल्याला मी ४१ पावत्यांची गोष्ट लिहिली. त्याच्याकडेही तशीच एक निघाली, बसच्या भाडेवाढीची.

९. खऱ्या जागी जाऊन बघा

ऑफिसात एअरप्लेन मोड लावून केलेली चाचणी धरू नका. एअरप्लेन मोडमध्ये नेट पूर्ण बंद असतं आणि ब्राउझरला ते लगेच कळतं. गावात नेट असतंही आणि नसतंही: वर दोन काड्या दिसतात, मागणी जाते, उत्तर येत नाही, आणि ॲप बिचारं वाट बघत बसतं. त्यासाठी आम्ही प्रत्येक मागणीला चार सेकंदांची मर्यादा घातली. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर नेट नाही असं समजून नोंद फोनवर ठेवायची.

२१ तारखेच्या पहाटे मी त्या संस्थेत जाऊन बसलो. पावणेसहाला वरच्या काड्या गेल्या. पडद्यावर पिवळी पट्टी आली: 'नेट नाही, ३८ नोंदी फोनवर आहेत'. सचिवांनी ती वाचली, मान हलवली आणि पुढच्याला हाक मारली. सात वाजता पट्टी आपोआप गेली. सर्व्हरवर नोंदी मोजल्या, जेवढ्या फोनवर तेवढ्याच, दोनदा एकही नाही.

एवढं सगळं होत असताना शेजारी मापाडी प्रत्येक आकडा जुन्या वहीतही उतरवत होता. मी म्हटलं, आता कशाला? सचिव म्हणाले, "असू दे. सभासदाला आकडा बघायचा झाला तर वही फुडं करता येती. फोन कुनाकुनाच्या हातात देऊ?"

पुढच्या आवृत्तीत 'आजचं पान छापा' असं बटण घेतलं आहे.